रेवेचं गाणं, भातसेचं पाणी

(शहापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना एक प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी तो माझ्यापर्यंत जसाच्या तसा पोचवला. दिल्लीच्या गिटारवाल्यांचं इथं काय काम? प्रश्न रास्त आहे. या मंचावर शेतीवर, शिक्षणावर, संतसाहित्यावर बोलणं होतं. ‘इंडियन ओशन’ नावाच्या रॉक बँडवर तासभर कुणी बोलेल आणि ते ऐकायला डोळखांबहून, टोकावड्याहून माणसं येतील, याची मलाही खात्री नव्हती. पण या बँडचं एक गाणं नर्मदेच्या खोऱ्यातून आलेलं आहे. ज्या खोऱ्यात धरण बांधून माणसं उठवली गेली, त्या खोऱ्यातून. तानसा, भातसा, बारवी या नावांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना हा विषय परका वाटू नये.

आधी एक भीती घालवतो. रॉक म्हणजे विजेवरचं, मोठ्या आवाजाचं संगीत, आणि लोकसंगीत म्हणजे दिव्याच्या उजेडातलं, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. तुमच्याकडच्या हळदीच्या रात्री आठवा. टेम्पोवर जनरेटर, दोन कर्णे, ऑक्टोपॅड आणि मधोमध बेंजो. हा बेंजो मुळात जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं टाइपरायटरसारखी बटणं लावून तारवाद्य केलं, तेच हिंडत हिंडत आपल्याकडे आलं, त्याला पिकअप बसला आणि ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी वरातींचं ते मुख्य वाद्य झालं. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला. म्हणजे विजेवर चढवलेलं लोकसंगीत तुम्ही केव्हापासून नाचून घेतलं आहे, फक्त त्याला कुणी फोक रॉक म्हटलं नाही. बेंजो पार्टीची तारीफ करावी तेवढी थोडी, पण तिची एक अडचण आहे. ती कुठं जागाच सोडत नाही. एक सूर संपायच्या आत दुसरा. नाचायला ते लागतंच. आज ज्या बँडविषयी बोलतो आहे, त्यांनी याच्या उलट केलं. त्यांनी जागा सोडली.

जगात हे प्रयोग पूर्वीच झाले होते. इंग्लंडात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडनं १९६९ साली ‘लीज अँड लीफ’ हा संग्रह काढला आणि शेकडो वर्षं जुनी खेड्यातली कथागीतं इलेक्ट्रिक गिटारवर आणली. आपल्याकडे कलकत्त्यात सत्तरच्या दशकात गौतम चट्टोपाध्याय यांच्या ‘मोहीनेर घोडागुली’नं बाऊल गाणं आणि शहरी गिटार एकत्र बसवली. त्या काळी त्यांना फारसं कुणी विचारलं नाही, कौतुक नंतर झालं.

इंडियन ओशनची सुरुवात दिल्लीतली. गिटारवाले सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती ही दोन बंगाली माणसं १९८४ च्या सुमारास भेटली. बँड १९९० मध्ये उभा राहिला. नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. पुढच्या वर्षी बास गिटार घेऊन राहुल राम आले, १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम आले, आणि मग पंधरा वर्षं ही चौकडी टिकली. पहिला संग्रह एचएमव्हीनं १९९३ मध्ये काढला. दुसरा ‘डेझर्ट रेन’, १९९७ चा, ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यक्रमातल्या थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण. त्या काळी हिंदी चित्रपटाबाहेर संगीत करून पोट भरणं म्हणजे काय, हे इथल्या भजनी मंडळांना आणि शाहिरांना मी सांगायला नको.

आता त्यांच्या आवाजाकडे येतो. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझं म्हणणं यातच आहे.

या बँडविषयी लिहिणारे ‘वातावरण’ हा शब्द फार वापरतात. गाणं सुरू झालं की खोलीत काहीतरी पसरतं, असं त्यांना म्हणायचं असतं. खरं आहे. पण असं म्हणून थांबलं की ते जादूटोण्यासारखं वाटू लागतं, आणि यात जादू नाही, कारागिरी आहे. सुस्मित सेन गिटार वाजवताना कॉर्डचे ठोकळे एकापुढे एक मांडत नाहीत. ते एखादी मोकळी तार वाजत ठेवतात आणि तिच्या अंगावर दुसऱ्या तारांवरची चाल चालवतात. खालचा सूर हलत नाही, वरची चाल हिंडते. हे आपल्या कानांना ओळखीचं आहे, कारण आपलं बहुतेक गाणं असंच बांधलेलं असतं. तंबोरा घ्या, वारकऱ्याची वीणा घ्या, तमाशातलं तुणतुणं घ्या, पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारी माणसं घ्या. डांग-सुरगाण्याकडचे कोकणा कथेकरी पितळी थाळीत मेणानं काडी उभी करतात आणि बोटांनी ती काडी ओढत राहतात. थाळी गुणगुणत राहते आणि त्या गुणगुणण्यावर कथा रात्रभर चालते. वारल्यांचा भगत घांगळीवर कणसरीची कथा लावतो, तिथंही तेच. आणि तारपा तर आहेच. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गाल फुगवून नाकानं श्वास आत घेतो, म्हणून सूर तुटत नाही. तारपा म्हटलं की लोक जव्हार-डहाणूकडे बोट दाखवतात, पण शहापुरातही वारली पाडे आहेत, तेव्हा हे काही परगावचं उदाहरण नाही.

सूर धरून ठेवला की काळ लांबतो. ऐकणाऱ्याला पुढच्या ओळीची घाई राहत नाही. इंडियन ओशनची गाणी सात-सात, आठ-आठ मिनिटांची आहेत, आणि त्यातली पहिली दीड-दोन मिनिटं पुष्कळदा कुणी गातच नाही. चित्रपटगीताच्या हिशोबात एवढ्यात मुखडा, अंतरा आणि नायिकेचे दोन पोशाख होऊन जातात.

दुसरी गोष्ट तालाची. रॉक बँडमध्ये ड्रम हा मालक असतो. इथं ड्रमच्या शेजारी बसून असीम तबला आणि इतर तालवाद्यं वाजवत आणि त्याच वेळी गात. तबल्याचा बोल आणि तोंडातला बोल एकाच माणसाकडून आले की ताल गाण्याच्या पाठीमागे लागत नाही, सोबत चालतो. ढोलकी वाजवत गाणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल. राहुल राम यांचा बास नुसता खालून टेकू देत नाही, तोही गातो. अनेक गाण्यांची चाल तुम्हाला बासवरच आधी ऐकू येते. आणि अमित किलम ड्रम सोडून मध्येच गाबगुबी हातात घेतात. बाऊलांचं ते वाद्य: चामड्यातून निघालेली तार, एका हातानं ताणायची, दुसऱ्यानं छेडायची. रेणुका-यल्लम्माच्या मेळ्यात चौंडकं ऐकलं असेल तर ते त्याचं सख्खं भावंड आहे. चौंडक्याला रॉक बँडमध्ये जागा आहे हे दिल्लीच्या लोकांनी दाखवावं, आपल्याला ते सुचू नये, याची मला थोडी खंत वाटते.

२००० साली आला ‘कंडिसा’. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत पक्व संग्रह. गाण्यांची यादी पाहिली तर चक्रावायला होतं. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजाची सुरियानी भाषेतली प्रार्थना. येशूच्या बोलीच्या कुळातली ही भाषा मलबारच्या चर्चमधून दिल्लीच्या तालमीच्या खोलीत पोचली. ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे या क्रांतिकारी कवीचं भोजपुरी गीत, मोर्च्यांत गायलं जाणारं. आणि ‘माँ रेवा’. पुढच्या ‘झीनी’मध्ये, २००३ साली, कबीर आला. अशा वेगवेगळ्या मुलखांतून आलेली गाणी एकत्र केली की संग्रहाचं प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही, सरकारी लोककला महोत्सवात होतं तसं. इथं तसं होत नाही, कारण प्रत्येक गाण्याला बँडनं आपल्या खोलीत वर्षानुवर्षं राहू दिलं आहे. ‘कंडिसा’ मुद्दाम ऐका. हळू सुरू होतं, आवाज वर चढत जातात, ड्रम फार उशिरा पूर्ण ताकदीनं येतो, आणि एका शब्दाचा अर्थ कळला नाही तरी हे प्रार्थनेचं गाणं आहे, यात शंका राहत नाही.

‘माँ रेवा’ची, म्हणजे नर्मदेच्या त्या गाण्याची, गोष्ट वेगळी सांगायला हवी.

राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली. अशा पदवीनंतर माणूस कुठं जातो ते आपल्याला माहीत आहे. ते नर्मदा बचाव आंदोलनात गेले. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं त्यांचा एक पाय बँडमध्ये आणि एक खोऱ्यात होता. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावं, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यातलं पहिलं मणिबेली. तिथल्या सत्याग्रहाच्या बातम्या १९९१ ते १९९३ या काळात मराठी वर्तमानपत्रांत येत, तुमच्यातल्या काहींना आठवत असतील. १९९३ मध्ये जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली, तरी धरण थांबलं नाही. १९६१ साली पायाभरणी झालेलं हे धरण २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीनिशी देशाला अर्पण झालं.

‘माँ रेवा’ हे गाणं राहुल राम खोऱ्यात शिकले. त्याची भाषा नर्मदाकाठच्या हिंदी वळणाची आहे, मणिबेलीच्या भिलोरीची नाही, म्हणून ते आपल्या ३३ गावांचं गाणं आहे असा दावा मी करणार नाही. पण नदी तीच. हे गाणं पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण एका गोष्टीनं गोंधळतात. बुडणाऱ्या खोऱ्यातलं गाणं, तर ते रडवेलं असेल, निदान रागावलेलं असेल, अशी अपेक्षा असते. ते तसं अजिबात नाही. ते आनंदी आहे. नदीचं कौतुक आहे, तिच्या पाण्याचं, तिच्या वाहण्याचं. ताल नाचरा आहे. बँडनंही त्यावर दुःखाचा एक थर चढवला नाही, आणि त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शहरातल्या श्रोत्याला विस्थापिताचं दुःख आवडतं. ते ऐकून त्याला बरं वाटतं. त्यांनी त्याला दुःख दिलं नाही, नदी दिली. जिच्यासाठी माणसं पाण्यात उभी राहिली, ती किती देखणी आहे, एवढंच सांगितलं. बाकीचं ऐकणाऱ्यानं करायचं.

आता इथलं बोलू. तानसा धरण १८९२ चं. मोडकसागर गेल्या शतकाच्या मध्यावरचा. मग भातसा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसेचं असतं, आणि दर उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्याच्या पाड्यांवर टँकर जातो. हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे कसाऱ्याच्या माणसाला घाट दाखवणं. मुरबाडला बारवी आहे. काळू नदीवरच्या धरणाचं काम वनखात्याच्या परवानगीआधीच सुरू झालं होतं, ते लोकांच्या संघटनेनं उच्च न्यायालयात नेलं आणि २०१२ मध्ये थांबलं. म्हणजे नर्मदेवर जे घडलं त्याचा छोटा नमुना आपल्या दारात आहे. मग मला प्रश्न पडतो की काळूचं गाणं कुठं आहे? भातसेचं?

असणार. ठाकरांच्या कांबडनाचात, गौरीच्या गाण्यांत, कातकऱ्यांच्या घरांत, वारल्यांच्या लग्नात धवलेरी जी गाणी म्हणतात त्यांत ओहोळ, डोंगर, माहुलीचे सुळके, सिद्धगड येत असणार. या गाण्यांचं पुढं काय होतं तेही आपण पाहतो. कुणी एखादा संगीतकार येतो, दोन दिवस राहतो, फोनवर आवाज भरून नेतो. वर्षभरानं ते गाणं कुठल्या मालिकेच्या शीर्षकाला लागतं. नावाच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलेलं असतं. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. इथं एक फरक लक्षात घ्या. पाणी पाइपातून गेलं की इथं उरत नाही. गाणं नेल्यानं इथलं गाणं कमी होत नाही, उलट कधी कधी इथल्या पोरांना ते मोबाइलवर ऐकूनच पुन्हा गावंसं वाटतं. म्हणून गाणं बाहेर जाऊच नये, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. जाऊ दे. पण कुणी शिकवलं, कुठल्या पाड्यावर, कुठल्या प्रसंगी म्हणतात, ते त्याच्यासोबत गेलं पाहिजे. राहुल राम दरवेळी मंचावर ‘माँ रेवा’च्या आधी खोऱ्याबद्दल बोलतात की नाही, मी मोजलेलं नाही. पण ते गाणं कुठून आलं हे त्यांच्या श्रोत्यांना माहीत असतं, आणि त्यात त्यांच्या खोऱ्यातल्या वर्षांचा वाटा आहे.

राहिलेली कारकीर्द भराभर सांगतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवर अनुराग कश्यप यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’ केला. त्याचं संगीत इंडियन ओशनचं, गीतं पीयूष मिश्रा यांची. खटला चालू असल्यानं चित्रपट न्यायालयात अडकला आणि २००७ मध्ये लागला, गाणी मात्र त्याआधीच घराघरांत पोचली होती. या गाण्यांमुळे बँड महाविद्यालयांच्या मैदानांवर गेला. ज्यांना ‘कंडिसा’ माहीत नव्हता त्या मुलांनी यातलं ‘बंदे’ पाठ केलं.

२५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेले. हृदयविकारानं. त्यांनी गाऊन ठेवलेली गाणी ‘१६/३३० खजूर रोड’ या संग्रहात आली. दिल्लीच्या करोलबागेत जुन्या बंगल्यात त्यांची तालीम चाले, त्याचाच पत्ता संग्रहाला दिला. ही गाणी त्यांनी २०१० पासून दर महिन्याला एक याप्रमाणे फुकट वाटली. कंपन्यांशी भांडून दमलेल्या माणसांचा तो निर्णय होता. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा या बँडवरचा माहितीपट चित्रपटगृहांत लागला. मिळाला तर बघा, त्यात त्या बंगल्यातल्या खोल्या दिसतात.

असीम यांच्यानंतर हिमांशू जोशी आणि तुहीन चक्रवर्ती आले. हिमांशूंचा गळा तयारीचा आहे, त्यात वाद नाही. पण एकाच माणसाच्या हातातून आणि तोंडातून येणारं ते जे होतं, ते दोन माणसांत वाटलं गेलं. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, त्यांच्या जागी निखिल राव आले. २०१४ चा ‘तांडानू’ पाहुण्यांनी भरलेला आहे. शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, विशाल ददलानी. प्रत्येक जण आपापल्या जागी थोर, पण मघाशी मी जागा सोडण्याबद्दल बोललो, ती जागा या संग्रहात पाहुण्यांनी भरली. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही. माझ्या घरातसुद्धा पटत नाही.

मग २०१५ मध्ये ‘मसान’ आला आणि मला माझं मत थोडं मागे घ्यावं लागलं. दुष्यंतकुमारांच्या गझलेचा धागा घेऊन वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेलं ‘तू किसी रेल सी’ हे गाणं स्वानंद किरकिरे यांनी गायलं आहे. इंदूरचा मराठी माणूस, गळ्यात गावरान खरखरीतपणा. मागं गिटार पुन्हा मोकळी तार धरून बसली आहे. आटगाव-खर्डीच्या फलाटावर रात्री उशिराची लोकल सुटून गेल्यावर हे गाणं ऐकलं तर पटेल मी काय म्हणतो ते. मुरबाडकरांना यासाठी आधी कल्याण गाठावं लागेल. तुमची रेल्वे अजून कागदावर आहे.

२०२३ मध्ये त्यांचा ‘तू है’ आला. चौकडीतले दोघे, राहुल राम आणि अमित किलम, अजून आहेत. म्हणजे हा इतिहास संपलेला नाही आणि मीही तो संपवत नाही.

एक विनंती करतो आणि थांबतो. इथं समोर शिक्षक बरेच आहेत. आश्रमशाळांतली मुलं सुटीत पाड्यावर जातात. त्यांच्या हातात फोन असतो. आजीचं एक गाणं भरून आणा, सोबत आजीचं नाव, पाड्याचं नाव, आणि ते कधी म्हणतात हे एका ओळीत लिहा, एवढा गृहपाठ देता येईल का? बाहेर कुणाला ऐकवायचं असेल तर आजीला विचारूनच. मुलांना बक्षीस द्यायचं झालं तर माझ्या आजच्या मानधनातून द्या.

आता साउंडवाल्यांना सांगून ठेवलं आहे, ते ‘माँ रेवा’ लावतील. ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांनी खुशाल निघावं. बाकीच्यांनी ऐकावं, आणि मग प्रश्न असतील ते विचारा.